चपलेतला बटाटा

लोधिवलीच्या पुढे, जुन्या हायवेला लागून राजेश सरांची इंग्रजी शाळा आहे. आधी ते मंगल कार्यालय होतं. लोक लग्नं पनवेलच्या एसी हॉलात लावायला लागले, तेव्हा सरांनी स्टेजवर फळा ठोकला, वधूपक्षाच्या खोलीत नर्सरी बसवली आणि गेटवर 'इंटरनॅशनल' असा शब्द रंगवून घेतला. त्या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी विचारला नाही, त्यांनीही कुणाला सांगितला नाही. गेल्या मे महिन्यात ते टूर कंपनीबरोबर स्वित्झर्लंडला जाऊन आले आणि अर्थ आपल्याला सापडला असं त्यांना वाटायला लागलं.

"यंदा डिसेंबरात आपण 'विंटर अराउंड द वर्ल्ड' करतोय," त्यांनी शिक्षिकांना सांगितलं. "जगभर हिवाळ्याचे सण कसे करतात ते मुलांना कळलं पाहिजे. ग्लोबल एक्स्पोजर! बर्फ मी आणतो."

बर्फ म्हणजे थर्माकोलचे दाणे. त्याच्या दोन गोण्या त्यांनी मीटिंगच्या आधीच आणून ठेवल्या होत्या.

"सर, बाहेर घाम येतोय," सानिया म्हणाली. "लोकरीच्या टोप्या घालून मुलं काय करतील?"

"फील येतो हो, मिस."

सानिया सिनियर केजीला शिकवायची. खालापूरची मुलगी, वडिलांची, अलीभाईंची, तिथे बेकरी. सरांबद्दल तिचं काय मत आहे ते ती बोलत नसे, पण तिच्या चेहऱ्यावर ते सगळ्या स्टाफरूमला वाचता यायचं. तिची आई हवाबी म्हणायची, "तोंड गप ठेवतेस, पण नाक बोलतं तुझं."

सरांनी प्रत्येकीला एक छापील कागद दिला. कुठल्या तरी वेबसाइटवरून तो जसाच्या तसा उतरवला होता. हिवाळ्यात आपण सगळे फायरप्लेसजवळ बसून हॉट चॉकलेट पितो, असं त्यात लिहिलं होतं. सानियाच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी फायरप्लेस होती, पण तिला ती चूल म्हणत आणि तिच्यावर आंघोळीचं पाणी तापे. सानियाने कागद ड्रॉवरमध्ये टाकला. शिकवायचंच आहे तर नीट शिकवू, असं ठरवून तिने स्वतः शोधाशोध केली.

तिने मुलांना सांगितलं की पृथ्वीवर खूप वरच्या देशांत हिवाळ्यात सूर्य थोडाच वेळ दिसतो, कुठे कुठे तर दिसतच नाही. मग माणसं त्याची वाट बघतात, आणि वाट बघताना कंटाळा येऊ नये म्हणून काहीतरी करत बसतात. इराणमध्ये वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री सगळं घर जागं राहून डाळिंबं खातं. स्वीडनमध्ये मोठी मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालते. जपानमध्ये गरम पाण्यात लिंबासारखी फळं सोडून आंघोळ करतात.

"सालासकट?" एकाने विचारलं.

"सालासकट."

यावर वर्ग बराच वेळ हसला. पण खरी मजा आली आइसलंडची. तिथे डोंगरात तेरा भाऊ राहतात. नाताळ जवळ आला की रोज एक जण खाली गावात उतरतो. एक चमचे चाटतो, एक पातेली खरवडतो, एक रात्रभर दारं आपटत फिरतो. मुलं निजताना खिडकीत आपला बूट ठेवतात. दिवसभर शहाण्यासारखं वागलं असेल तर बुटात खाऊ मिळतो. नसेल तर बटाटा.

"कच्चा?" जिजाने विचारलं.

"कच्चाच. आणि सडका."

ही त्यांची गोष्ट आहे, आपल्याकडे असं कुणी येत नाही, हेही सानियाने सांगितलं. पण दारं आपटणारा माणूस डोक्यात शिरल्यावर पुढचं वाक्य कोण ऐकतं! त्या रात्री लोधिवलीपासून चौक गावापर्यंत बऱ्याच खिडक्यांत चपला चढल्या. आठवडाभर आया गेटवर सानियाला गाठून सांगत होत्या, "टीचर, काय जादू केलीत हो? स्वतःहून दूध पितोय." चपलेत एखादं चॉकलेट टाकायला त्यांनाही मजा येत होती.

जिजाचा बाप स्वप्नील. कोंडाण्याच्या लेण्यांच्या बाजूला भाड्याच्या जमिनीवर त्याचे तंबू होते. शनिवार-रविवार मुंबईची माणसं तिथे येऊन शेकोटीभोवती बसायची. एकतीस डिसेंबरच्या त्याच्या बोर्डावर लाल टोपीवाला म्हातारा, डीजे आणि अनलिमिटेड बार्बेक्यू असायचं. उरलेल्या दिवसांत स्वप्नील संस्कृती सांभाळायचा. गावातल्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा तो अॅडमिन होता आणि त्या कामात त्याला थकवा येत नसे.

एका सकाळी त्याला आपल्या घराच्या खिडकीत लेकीची गुलाबी चप्पल दिसली. चपलेत बटाटा होता. काळपट, कोंब फुटलेला.

अमावस्या होऊन दोन दिवसही झाले नव्हते. स्वप्नील खिडकीपासून चार पावलं मागे सरला. त्याने शेजारच्या गजाला बोलावलं. गजाला असल्या गोष्टींतलं कळतं असं गजाचं म्हणणं होतं. तो दुरूनच वाकून बघत म्हणाला, "हात नको लावू रं. करणी हाय ही. कोंब मोज, जेवढे कोंब तेवढी घरातली माणसं."

मोजायला कोणी पुढे झालं नाही. शेवटी स्वप्नीलने सांडशीने बटाटा उचलला, हात लांब धरून ओढ्यापर्यंत नेला आणि फेकला. सांडशीही फेकली. या गडबडीने जिजा जागी झाली, खिडकीकडे धावली आणि चप्पल रिकामी बघून तिने बापाकडे पाहिलं.

"काय होतं त्यात?"

"काय नाय. बटाटा."

तिने जो टाहो फोडला तो हायवेपर्यंत गेला. "मी वाईट मुलगी हाय! मला बटाटा आला!" मग हुंदके देत देत तिने तेरा भाऊ, डोंगर, चमचे, सगळं सांगितलं, आणि हे टीचरने सांगितलं, हेही.

माणूस उगाच घाबरला होता असं कळलं की त्याला बरं वाटायला हवं. स्वप्नीलला राग आला. गजासमोर तो सांडशी घेऊन ओढ्यापर्यंत पळाला होता, आणि त्याची भरपाई कुणीतरी करायला हवी होती. दुपारपर्यंत ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला: आपल्या लेकरांच्या चपलांत कोण काय टाकतंय बघा, जागे व्हा. खाली शाळेचं नाव होतं, शिक्षिकेचंही. 'सानिया' वाचल्यावर लोकांना पुढचं वाचायची गरजच उरली नाही. ती पोरांना ख्रिस्ती करते असं काही जण म्हणाले, मुसलमान करते असं बाकीचे. एकच बाई ही दोन्ही कामं एकदम कशी करेल, असं एकानेही विचारलं नाही.

राजेश सरांनी पालकांची सभा बोलावली. पूर्वी जिथे पंगती बसायच्या तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. स्वप्नील पाच-सहा पोरं घेऊन पुढच्या रांगेत बसला. त्याची आई अंबाबाई नातीला घेऊन दाराशी उभी राहिली.

"मॅनेजमेंटला यातलं काही माहीत नव्हतं," सर म्हणाले. "आमच्या शाळेत आपल्या संस्कृतीलाच महत्त्व आहे. हा प्रकार टीचरने वैयक्तिक पातळीवर केलेला आहे."

सानिया त्यांच्याकडे बघत राहिली. सर पंख्याकडे बघत राहिले. त्यांच्यामागे, स्टेजच्या कोपऱ्यात थर्माकोलच्या गोण्या होत्या.

"सर, विषय तुम्ही दिलात," ती म्हणाली.

"विषय दिला. बटाटा दिला नाही."

पुढच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. सानियाने आयांकडे पाहिलं. स्वतःहून दूध पितोय म्हणणारी तिथेच बसली होती. तिने ओढणी सारखी केली आणि शेजारणीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "मला तर आधीपासून वाटतच होतं बाई."

"एक सॉरी म्हणा, मिस. विषय संपला," सर म्हणाले.

"कशाबद्दल?"

"आमच्या घरात बटाटा कसा आला त्याबद्दल!" स्वप्नील उठला. "माझी पोरगी दोन दिवस जेवली नाय."

"तुमच्या घरात रात्री कोण असतं ते मला कसं ठाऊक असणार?" सानिया म्हणाली. "मी गोष्ट सांगितली. बटाटा ठेवायला खालापूरहून आले नाही."

मागच्या कुणाला तरी हसू फुटलं. स्वप्नीलची मान लाल झाली. दाराशी अंबाबाईने पदर तोंडाला लावला. सानियाने सॉरी म्हटलं नाही. सरांनीच मग सगळ्यांच्या वतीने ते म्हटलं, दोनदा. सभा संपली आणि चहा आला.

सानिया बाटली भरायला मागच्या नळावर गेली, तर अंबाबाई तिथे आली. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं.

"पोरी, एक सांगू? तो बटाटा मीच ठेवला व्हता."

सानियाने नळ बंद केला.

"जिजानं मला समदं सांगितलं व्हतं. वाईट वागलं का बटाटा येतो म्हनं. त्या दिशी तिनं कुत्रीच्या पिल्लाला असं उचलून आपटलं, का माझा जीव गेला. म्हटलं, येऊ दे एक बटाटा. बरा बटाटा कशाला घालवायचा, म्हनून कोंब आलेला घेतला."

"तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं शिकवलंत, आजी," सानिया म्हणाली. "मग आत का नाही बोललात?"

"पोरगा हाय माझा. चार मानसांत त्याला खाली कशी बघायला लावू?"

"आणि मला लावलं ते?"

अंबाबाईने बंद असलेला नळ उगाच पुन्हा पिळला. "तू शिकलेली हायस गं," ती शेवटी म्हणाली. "तुला दुसरीकडं कुठंबी मिळंल."

सानियाने बाटलीचं झाकण लावलं. मघाशी आत तिला इतका राग आला नव्हता. राजेश सरांची आणि स्वप्नीलची तिला कीव करता येत होती. तेवढी सवय होती. या बाईकडून मात्र तिने कशाची तरी अपेक्षा केली, तीही एवढ्या दोन मिनिटांत, आणि ही बाई कीव करण्याजोगी नव्हती. सानिया गेटबाहेर पडली आणि मिळालेल्या पहिल्या शेअरच्या इको गाडीत बसून खालापूरला गेली.

घरी हवाबी म्हणाली, "म्हणून टाकायचं होतंस. एक शब्द तर होता."

"म्हणूनच नाही म्हटलं."

अलीभाई बेकरीतून आले ते वेगळीच अडचण घेऊन. कोंडाण्याच्या एका कॅम्पवरून एकतीस तारखेच्या प्लम केकची ऑर्डर आली होती, दरवर्षीसारखी. "स्वप्नीलचीच आहे," ते म्हणाले. "घेऊ की नको?"

"घ्या अब्बा. त्यांची संस्कृती एकतीसला सुट्टीवर असते."

कार्यक्रम रद्द झाला नाही. मांडववाल्याला पैसे देऊन झाले होते. फक्त नाव बदलून 'आपले हिवाळी सण' असं झालं, देश सगळे वगळले, मुलींना नऊवारी आणि मुलांना फेटे. संक्रांत तीन आठवडे लांब होती, तरी तिळगूळ वाटायचं ठरलं. बर्फ मात्र सरांना टाकवेना. मुलं स्टेजवर येताच त्यांनी दोन्ही गोण्या पंख्यासमोर मोकळ्या करायला लावल्या. फेट्यांवर, नथींवर, आयांच्या केसांत थर्माकोल चिकटला. तिळगुळाच्या परातीत पडला तो तिळात ओळखू येईना. एका मुलाने तो खाल्ला आणि त्याच्या घशातून बोटाने दाणा काढायला सानियाच धावली. सर माइकवर सांगत होते की हे दृश्य बघून त्यांना स्वित्झर्लंड आठवतंय.

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

"तुम्ही इमोशनल होताय," सर म्हणाले.

"हो. उशीरच झाला," ती म्हणाली.

जानेवारीपासून तिने घरीच शिकवण्या सुरू केल्या. बेकरीच्या वरची खोली, एक चटई, खालापूरचीच सात-आठ मुलं. ज्या आया सभेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या त्यांतल्या दोघींनी फोन केले. नवीन टीचर नुसतं रंगवायला देते, तुम्ही घ्याल का? सानियाने घेतलं. मुलांवर तिचा राग नव्हता आणि आयांवर तो वाया घालवायची तिची इच्छा नव्हती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका दुपारी खाली बुलेट थांबली. स्वप्नील जिजाला घेऊन जिन्याने वर आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. जिजा त्याचा हात सोडून थेट चटईवर जाऊन बसली.

"मॅडम, तिची आजी ऐकत नाय," तो म्हणाला. "म्हणते, पोरीला त्यांच्याकडंच घाल. आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती. काल सांगितलं तिनं सगळं."

"काय सांगितलं?"

त्याने मुलांकडे पाहिलं. "ते... बटाट्याचं."

"बरं. मग?"

"मग काय, तेव्हाचं जाऊ द्या ना मॅडम. वातावरण तसं होतं."

"वातावरण कुणी केलं होतं?"

स्वप्नील खाली बघून चावी फिरवत राहिला. ग्रुपवर तो व्हिडिओ अजून होता. तो काढून टाकतो, असं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. सानियाने वाट बघितली. त्याला आतून एखादा शब्द खरंच येतोय का, एवढंच तिला बघायचं होतं. आला असता तर तिने खुर्ची दिली असती.

"फी काय होईल?" त्याने विचारलं.

"ते खाली अब्बांना विचारा. पाच वाजता न्यायला या, आणि हॉर्न वाजवू नका, मुलं वाचत असतात," असं म्हणून सानियाने दार लोटलं आणि जिजाला पाटी दिली.