कॉन्स्टेबलच्या मुलीचं पिस्तूल

डेल्मर रॅटलिफ बत्तीस वर्षं कॉन्स्टेबल होता आणि बत्तीस वर्षं त्याच्या कमरेला तेच एक रिव्हॉल्व्हर होतं. जाडजूड, पोलादी, चार इंची नळीचं. म्हातारा दारातून आत यायच्या आधी ते आत यायचं असं लोक म्हणत. केंटकीच्या या डोंगराळ भागात कॉन्स्टेबल म्हणजे लोकांनी मतं देऊन निवडलेला माणूस. कोर्टाचे कागद खोऱ्याखोऱ्यात, घरोघर जाऊन हातात द्यायचे हे त्याचं काम. घटस्फोटाचे, पोटगीचे, घर खाली करायचे. म्हणजे ज्याच्या दारात जाल त्याला तुमचं तोंड बघायची हौस नसतेच.

आता त्याचे गुडघे गेले होते. गेली दोन वर्षं गाडी त्याची मुलगी ट्वायला चालवायची आणि दारापर्यंतही तीच जायची. ट्वायला पंचावन्नची. तिने एकोणीस वर्षं शाळेची बस चालवली होती, त्यामुळे कुठल्या खोऱ्यात कुणाचं घर, कुणाचा कुत्रा चावरा आणि कुणाचा नुसता भुंकणारा, हे तिला तोंडपाठ. पुढच्या निवडणुकीला बाबा उभा राहणार नव्हता, ती राहणार होती. अर्जावर दोन मतदारांच्या सह्या लागत. एक इमोजीन आत्याने कधीच ठोकली होती. दुसरी जागा कोरी होती.

तशी सही करणारी शंभर माणसं तिला गावात उभ्या उभ्या मिळाली असती. पण तिला हवी होती बाबाचीच. बापाने सही केली नाही म्हणजे बापाचाच भरवसा नाही, असं लोक बोलणार, आणि तेही परवडलं असतं एक वेळ, पण तिला स्वतःलाच तसं वाटलं असतं. बाबाची सही नाही तर अर्जच भरायचा नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. अर्ज दोन आठवडे बाबाच्या फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता, आणि मुदत होती जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत.

घोडं अडलं होतं पिस्तुलावर. बाबाचं म्हणणं, माझंच रिव्हॉल्व्हर घाल, उघडं घाल, चार लोकांना दिसू दे. दिसलं की माणूस नीट वागतो. ट्वायलाचं म्हणणं बरोबर याच्या उलट.

याला कारण होतं. मागच्या वसंतात ती बाबाचं रिव्हॉल्व्हर लावून एका घरी गेली होती. दार उघडलं ते टकर नावाच्या पोराने. हा टकर पहिलीत असताना तिच्या बसमध्ये पहिल्या बाकावर बसायचा, रोज उतरताना तिला टाटा करायचा. "ट्वायलाबाई!" म्हणून तोंडभर हसत तो पुढे आला, आणि त्याची नजर तिच्या कमरेवर गेली. हसू तिथल्या तिथे विझलं. त्याने कागद घेतला, मान खाली घातली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर बाजारात भेटला तरी तो तिच्याशी बोलला नाही. हे तिला फार लागलं. गाडीत बसून ती रडली होती, पण ते तिने बाबाला सांगितलं नाही.

"दुसऱ्याच्या दारात जायचं, वर वाईट बातमी न्यायची, आणि कमरेला तोफ मिरवायची," ती म्हणाली. "मला नाही जमत, बाबा. माझ्याजवळ असेल, पण ते माझं मला ठाऊक असेल."

"लपवून काय ठेवायचंय? चोरी केलीयस का?"

"लपवत नाही हो. दाखवत नाही."

"शब्दांचे खेळ कोर्टात कर," म्हातारा म्हणाला आणि टीव्ही मोठा केला.

मग ती वेंडेलच्या दुकानात गेली. वेंडेल बंदुका विकतो, दुकानामागे नेमबाजीची जागाही आहे, भाड्याने पिस्तूल घेऊन उडवून बघता येतं. वेंडेल माणूस भला, पण बाई दुकानात शिरली की त्याचा हात आपोआप एकाच कप्प्याकडे जातो. त्याने जांभळ्या मुठीचं एक पिटुकलं काचेवर ठेवलं.

"बायका हेच नेतात. वजन बघा, आहे की नाही असं वाटतं."

"तू उडवलंयस?"

"मी? नाही बुवा. मला लहान पडतं ते."

"तुला लहान पडतं आणि मला मापात? हात बघ माझे. चाळीस फुटी बस वळवलीय या हातांनी, तीही बर्फात."

तरी तिने ते उडवून बघितलं. पाच गोळ्यांत अंगठ्याचं बेचकं झणझणलं, आणि कागदावर लागल्या दोन. पिस्तूल हलकं तर धक्काही हलका, ही समजूत मुळातच चुकीची. हलकं तेवढं जास्त उसळतं. मूठ एवढीशी की करंगळी हवेत लोंबते. खिशात मावतं खरं, पण नेम लागत नसेल तर खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवलेला काय वाईट? मग तिने मोठं घेतलं. त्याने नेम झकास लागला, पण गाडीत बसली की नळी मांडीत रुतायची आणि पट्टा लावला की श्वास अडकायचा. असे चार शनिवार गेले. पाच पिस्तुलं झाली. वेंडेल कंटाळला, ती नाही.

सहावं मधल्या मापाचं होतं. नऊ एमएम, दहा गोळ्यांचं, काळं, बघावंसं काहीच नाही त्यात. पण हातात घेतलं आणि तिन्ही बोटं मुठीवर बसली. वरचा भाग मागे खेचताना कुंथावं लागलं नाही. सात यार्डांवरून वीस गोळ्या झाडल्या, विसाच्या वीस एका बशीत मावतील अशा. वेंडेलने कागद काढून आणला, दिव्याखाली धरला, आणि भोकं पुन्हा एकदा मोजली.

"ट्वायलाबाई, इथली अर्धी पुरुषमंडळी असा कागद दाखवणार नाहीत मला."

"अर्धीच?" ती म्हणाली. कागद तिने घडी घालून पाकिटात ठेवला. तिची छाती फुगली होती, आणि का फुगू नये?

आणि मग तिने इथल्या माणसाने हमखास करायची तीच चूक केली. आमच्याकडे लोक पिस्तुलावर तीन महिने विचार करतात आणि पट्ट्यावर तीन मिनिटंसुद्धा नाही. घरातला जुना मऊ पट्टा, पिस्तूल अडकवायला जे मिळेल ते होल्स्टर, झालं. मग ते घसरतं, कलतं, टोचतं, आणि हात सारखा तिकडे जातो, आहे ना बघायला. त्या हातानेच माणूस पकडला जातो. म्हणून तर इथे घरटी एक खण नापसंत होल्स्टरांनी भरलेला असतो. ट्वायलाच्या चुलतभावाकडे, आर्लिसकडे, असे दोन खण आहेत आणि तिसऱ्याची तयारी चालू आहे.

ट्वायलाने दोन होल्स्टर फेकली, तिसरं ठेवलं, आणि जाड, न वाकणारा पट्टा घेतला. मग दोन आठवडे पिस्तूल रिकामं करून घरात वागवलं. भांडी घासली, कपडे वाळत घातले, लाकडं आणली. हात पिस्तुलाकडे गेला की बरणीत एक मक्याचा दाणा टाकायचा, आणि रात्री मोजून बरणी रिकामी करायची. पहिल्या दिवशी एकतीस दाणे पडले. ती स्वतःवरच चिडली. चौदाव्या दिवशी बरणी रिकामी राहिली.

बाबाला तिने ते दाखवायला नेलं तेव्हा त्याने लांबूनच बघितलं.

"प्लास्टिक आहे. खेळण्यांच्या दुकानातून आणलंस?"

"सही करता का, बाबा?"

म्हाताऱ्याने अट घातली. "नवीन वर्षाच्या जेवणाला घालून ये. सोळा माणसं असतील, सगळी आपलीच, आणि कमरेला काय आहे ते ओळखण्यात एकही कच्चं नाही. कुठे आहे ते कुणालाही सांगता आलं नाही तर सही. आलं, तर माझं रिव्हॉल्व्हर घालायचं, उघडं."

"ठरलं," ती म्हणाली.

एक जानेवारीला बाबाच्या घरात चवळी, कोबी, डुकराचं गालफड आणि मक्याची भाकरी यांचा वास भरला होता. शेगडी अशी पेटलेली की सगळ्यांचे कोट पलंगावर जाऊन पडले. म्हणजे कोटाखाली लपायची सोय नाही. ट्वायला साध्या चौकड्याच्या शर्टात होती. शर्ट जरा सैल, इतकंच. पैज सगळ्यांना ठाऊक होती आणि सोळाच्या सोळा माणसं तिला डोळ्यांनी चाचपत होती.

दारातच इमोजीन आत्या आडवी आली. आत्या मिठी मारते ती कमरेला मारते, आणि आज तर ती मुद्दामच आली होती. ट्वायलाने आपले हात आधी खाली घातले, त्यामुळे आत्याचे हात आपसूक वर, खांद्यांवर गेले. आत्या हिरमुसली.

"चलाख आहेस गं. पिशवीत आहे ना?"

"पिशवी खुर्चीवर टाकून मी ताटं वाढणार, आणि घरात एवढी पोरंसोरं. पिशवीत कसं ठेवीन, आत्या?"

जेवताना ती दहा वेळा उठली. ओव्हनमधून भाकरीचं भांडं काढायला वाकली, आर्लिसची दोन वर्षांची नात कडेवर घेतली, टेबलाखाली सांडलेलं ताक गुडघ्यांवर बसून पुसलं. हात कुठेही गेला नाही. मनातून मात्र ती घाबरली होती. बाबा समोरच बसला होता आणि चवळी चिवडत तिच्यावरून नजर हलवत नव्हता.

आर्लिसला राहवेना. "बुटात आहे. तू जिना चढताना पाय जड टाकलास."

"माझा गुडघा दुखतो, आर्लिस. घराण्यातच आहे ते." तिने पँट वर करून दोन्ही घोटे दाखवले. "आणि माझं शोधतोयस ना, तुझं उजवीकडे मागे आहे. घास घेतलास की एकदा चाचपतोस. पळून जातंय का ते?"

टेबल हसून हसून हललं. आर्लिसचा हात तेव्हाही तिथेच होता.

कुणी म्हणालं काखेत, कुणी पाठीवर. एकेक करून सगळे थकले. राहिला डेल्मर. त्याने हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलला.

"उजव्या कुशीला, जरा मागे. मी बत्तीस वर्षं तिथंच ठेवलंय. ती माझीच मुलगी आहे, दुसरीकडे कुठे ठेवणार?"

ट्वायला उठली. शर्टाचं टोक उजव्या कुशीपाशी उचललं. तिथे काही नव्हतं. मग तिने पुढचं टोक वर केलं, पट्ट्याच्या बकलाच्या किंचित उजवीकडे, आणि तिथे ते काळं पिस्तूल पोटाला धरून बसलं होतं. सोळा माणसांच्या समोर, जेवणभर, बरोबर समोर.

कुणी हसलं नाही. डेल्मर रॅटलिफ सगळ्या गोतावळ्यासमोर चुकला होता, आणि हे कुणी आजवर पाहिलेलं नव्हतं. तो टेबलाला हात लावून उठला आणि आतल्या खोलीत गेला. जिंकले आणि बाबाला गमावलं, असं ट्वायलाला वाटलं. आत्या नुसतीच तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

तो परत आला तेव्हा डोळ्यांवर चष्मा होता. थेट फ्रिजकडे गेला, अर्ज काढला, ताटं बाजूला सारून टेबलावर ठेवला. पण लगेच सही केली नाही.

"बत्तीस वर्षांत सात जण माझ्या अंगावर आले," तो म्हणाला. "एकाने सुरी काढली, ते तुम्हांला माहीत आहे. एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सातही जणांनी आधी माझ्या पट्ट्याकडे बघितलं होतं. माझ्या तोंडाकडे नाही, हातातल्या कागदाकडे नाही. पट्ट्याकडे. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक. पण लोक बघतात ते बरं वाटायचं."

टकरचं आपण तेव्हाच सांगायला हवं होतं, असं ट्वायलाला वाटून गेलं.

म्हाताऱ्याने सही केली. अक्षरं सावकाश, एकेक करून काढली, आणि नाव पुरं झाल्यावर कागद तिच्याकडे सरकवला. मग तो टेबलाकडे वळला. गावात त्याला नावाने हाक मारणारं फारसं कुणी उरलेलं नव्हतं. नातेवाईकसुद्धा कॉन्स्टेबलच म्हणायचे.

"एक सांगून ठेवतो," तो म्हणाला. "लोकांनी मतं दिली की पुढच्या जानेवारीपासून कुणी 'कॉन्स्टेबल' म्हणून हाक मारली तर मी ओ देणार नाही. ओ ती देईल."