मानेला पाव वळसा

दिराच्या बँडमध्ये चार माणसं होती आणि त्यातल्या तिघांना वाजवता येतं, असं दिराचं मत होतं. चौथी म्हणजे वहिनी. ती बास गिटार वाजवायची. दिवसभर दवाखान्यात लोकांचे तिरके दात तारा लावून सरळ करायची आणि संध्याकाळी पुन्हा तारांनाच हात घालायची. नवरा म्हणायचा, निदान या तारा तरी कण्हत नाहीत.

पण अलीकडे त्याही कण्हू लागल्या होत्या. जाड तार छेडली की डब्यात खिळे हलवल्यासारखी खरखर यायची. स्पर्धा तोंडावर आलेली. दिराने अत्यंत गोड आवाजात कळवलं, की पुढच्या रविवारपर्यंत खरखर गेली नाही तर खालचे सूर कीबोर्डवाल्याचा डावा हात सांभाळेल. तसाही तो रिकामाच असतो.

"गिटारची मान वाकतेय, भाऊजी."

"नाचता येईना अंगण वाकडं," दीर म्हणाला. आणि मन मोठं असल्यामुळे लगेच किल्ली घेऊन अंगण सरळ करायला बसला.

गिटारच्या मानेत एक पोलादी सळई असते. आवळली की मान मागे जाते, सैल केली की तारांच्या ओढीने पुढे झुकते. दिराच्या खोलीत शनिवार-रविवार तालीम असायची आणि तिथला एसी असा, की ड्रमवाला मफलर गुंडाळून वाजवायचा. शनिवारी वहिनीची गिटार आली की तारा मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून हातभर वर. दीर सळई आवळायचा. रात्रभर गिटार तिथेच. रविवारी तारा पट्ट्यांवर आपटून खरखर. दीर सळई सैल करायचा. मग गिटार घरी, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

उलगडा झाला तो दवाखान्यात. एक बाई हटून बसल्या होत्या की एकदाच काय ते आवळून टाका, सारखं कोण येणार. वहिनी सवयीने म्हणाली, "थोडं आवळायचं आणि थांबायचं. हाड आपल्या चालीनं चालतं." म्हणाली, आणि हातातला चिमटा तसाच राहिला. लाकूड तरी काय वेगळं करणार? तिच्या घरी गिटार राहायची कपडे वाळत घालायच्या खोलीत. बिचारी मान आठवडाभर तिथली ओल प्यायची, दिराकडे जाऊन सुकायची, आणि दोन्हीच्या मध्ये दीर तिला वळण लावायचा.

संध्याकाळी ती हवेतला दमटपणा मोजायचं घड्याळ घेऊन स्पर्धेचा हॉल बघून आली. तळघर, एसी नाही, भिंतींना ओल. काटा अगदी तिच्या कपड्यांच्या खोलीत असतो तिथेच.

तिने जाहीर केलं की गिटार आता घराबाहेर पडणार नाही, तालीम तिच्याकडे, त्या कपड्यांच्या खोलीतच. दिराने विचारलं, निदान वाळत घातलेल्या चादरी तरी काढणार का?

"चादरी राहतील. तुमच्यापेक्षा त्यांचाच उपयोग जास्त आहे."

तिने सळईला पाव वळसा दिला, किल्ली खिशात टाकली आणि गिटारकडे ढुंकून पाहिलं नाही. मान स्थिरावल्यावर तारांची उंची बसवली. रविवारी मोज्यांच्या दोरीखाली उभं राहून जाड तार छेडली. सूर आला, नुसता सूर. दिराने कान लावून पाहिला आणि खरखर चादरींनी शोषली असणार, असा निष्कर्ष काढला.

स्पर्धेच्या दिवशी हॉल खच्चून भरला. गर्दीच्या घामाने हवा आणखी जड झाली, तरी बासची मान ढळली नाही. दिराची स्वतःची गिटार मात्र थेट एसीतून येऊन सकाळपासून त्या ओलीत पडली होती. पडद्यामागे त्याची बोटं वर उचललेल्या तारा दाबून दाबून लाल झाली. किल्ली पुढे करून तो हळूच म्हणाला, "वहिनी, जरा पाव वळसा देता का?"

"आता नाही, भाऊजी. आता वाजवायचं."

दिराने एकट्याने वाजवायची आपली लांबलचक तान चार सुरांत आटोपली. मोकळी जागा वहिनीने घेतली. खालचे सूर गोल, भरीव, एकामागून एक खुर्च्यांच्या पायांतून लोकांच्या बरगड्यांत शिरले. मागच्या रांगा ताल धरून उभ्या राहिल्या. शेवटचा सूर तिने मोकळ्या जाड तारेवर सोडला आणि हात उचलून घेतला. तो स्वच्छ घुमत राहिला, थांबेपर्यंत कोणी हललं नाही.

मग हॉल उसळला. कीबोर्डवाल्याचा डावा हात त्या दिवशी प्रथमच कामाला आला. टाळ्या एका हाताने वाजत नाहीत.