तानुबाईची सुडी

त्या दिवशी सावडीची पाळी तानुबाईची व्हती. आमी चार घरं मिळून सावड करतोत. आमचं, माधवरावाचं, बजरंगचं आन् तानुबाईचं. मजूर लावायचा न्हाई, एकमेकाचं काम एकमेकानं उरकायचं. तानुबाई एकट्या जिवाची. नवरा जाऊन सात वरसं झाली, लेक अर्पिता तिकडं मानवतला नांदायलीय. तरी सावडीत तिनं कवा खाडा केला न्हाई. सगळ्यांच्या मळणीला आली, भुश्शात उभी ऱ्हायली, डोळे लाल करून घरी गेली. आन् पाळी तिची सगळ्यात शेवटी, कारण 'आधी माझं करा' म्हणायला तिला कवा जमलंच न्हाई.

दोन एकरातलं सोयाबीन कापून तिनं वावरात सुडी रचून ठेवलीती, वर ताडपत्री. वरसाचं सगळं त्या सुडीत. दिवस उगवायला भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्या गोपाळनं हडंबा जोडून आणला. मळणीच्या मशीनला आमच्याकडं हडंबाच म्हणतेत. आमी ताडपत्री काढून दाण्यासाठी खाली हातरली, सुडीचा वरचा थर उपसला. नुस्तं मशीन चालू करायचं बाकी व्हतं.

च्यापुरतं थांबलोत आन् तिथंच घात झाला. बजरंगनं मोबाईल काढला.

आदल्या दिवशी दिल्लीत कुण्या पुढाऱ्यानं भर सभागृहात हातातला कागद फाडून भिरकावलता. सकाळपासून सगळ्या बातम्यांत तेच. तो फाडायलाय, भिरकवायलाय, कागद जाऊन अध्यक्षाच्या पायाशी पडायलाय. परत फाडायलाय. खाली लाल पट्टी पळायलीय, आन् चार माणसं चार चौकटीत बसून एकदमच वरडायलेत. देशात त्या दिवशी दुसरं काई घडलंच न्हाई जणू. आमच्या उगवतीला ढग धरायलेते, त्याची मातर कुठं बातमी न्हाई.

"बगा, कसा फेकून मारला!" माधवराव म्हणले.

"मारला काऊन? हातातून सुटला," आमचे मालक म्हणले. मालक म्हणजे चंद्रभान, माझा नवरा.

"सुटला? डोळे हायेत का बटणं? परत लाव रं बजरंग."

बजरंगनं परत लावलं. धा वेळा लावलं.

"आवो, दिल्लीचा कागद दिल्लीत पडू द्या," मी म्हणलं. "जरा आभाळाकडं बगा."

"तू गप बस धुरपता," मालक खेकसले. "तुला राजकारणातलं काय कळतंय?"

न्हाई कळत बाबा. पाच वरसाला बोटाला शाई लावून येते, तेवढंच माझं राजकारण. पण आभाळ कळतंय. आन् ह्या दोघांना त्या पुढाऱ्यानं कवा वळखलंय? त्यो ह्या वाटंनं गेला तर ह्यांच्या अंगावर धुरळा उडवून जाईल.

बोलणं कागदावरून पक्षावर गेलं, पक्षावरून मागच्या ग्रामपंचायतीवर, तिथून बापजाद्यावर. तानुबाई दोघांच्या मधी हात जोडून उभी ऱ्हायली.

"दादा, तुमच्या पाया पडते. आधी हडंबा चालू करा. मग दिवसभर भांडा, मी भाकर करून घालते."

तिचं कोण ऐकतंय! माधवरावानी ढकललं, आमचे मालक हडंब्याच्या चाकावर आदळले, कपाळ फुटलं. मालकानी उठून त्यांच्या तोंडावर ठोसा दिला, त्यांचा दात हलला. रगत बघितल्यावर दोघांलाबी जास्तीच मर्दुमकी चढली. दोघं दोन गाड्यांवर ठाण्याकडं निघाले, तक्रार द्यायला. बजरंग त्यांच्या मागं. साक्ष कुणाकडून द्यायची ते वाटंत ठरवतो म्हणला, मुडदा बशिवला त्याचा.

गोपाळ घडीभर थांबला. "मावशी, माणसंच न्हाईत तर मशीनमधी टाकणार कोण? राणीसावरगावला लोक वाट बघायलेत." असं म्हणून गेला.

आन् मी? मीबी गेले. मालकाच्या कपाळाला पट्टी कराय पाहिजे म्हणून त्यांच्या मागं गेले. वळून बघितलं तवा तानुबाई एकटीच ताडपत्री सुडीवर वढायलीती. ह्या अंगाला टाकली की त्या अंगाला उघडं पडायचं, वारं लय सुटलंतं. मी थांबले न्हाई.

दुपारी पाऊस आला. तासभरच, पण असा की वावरात गुडघाभर चिखल.

दुसऱ्या दिवशी मातर चांगलं कडक ऊन पडलं. भिजलेलं सोयाबीन अशा उन्हात पसरलं तर दोन दिवसात वाळतंय, दाणा वाचतोय. तानुबाईनं पदर खोचून सुडी फोडाय घेतली, मी हाताखाली गेले. दोन पेंढ्या काढल्या न्हाई तोच जमादार फटफटीवर आला.

"ए बाई, हात लावू नको! भांडण ह्याच जागंवर झालंय ना? दोन्हीकडच्या तक्रारी हायेत. साहेब येऊन पंचनामा करतील. तवर हाय तसं राहू द्या."

"साहेब कवा येतील?" तानुबाईनं इचारलं.

"येतील की. उद्या गंगाखेडात मोर्चा हाय त्या कागदावरून. दोन्ही पक्षाचा, एकाच दिवशी. बंदोबस्त झाला की येतील."

फटफटी गेल्यावर मी म्हणलं, "आक्का, तो काय बघायलाय का? पसरू थोडं थोडं."

"नको गं बाई. पोलिसानं सांगितलंय. मी काई हालवलं आन् तुझ्या मालकाला भोगावं लागलं तर? माधवरावबी लेकराबाळाचे हायेत."

आता ह्या बाईला काय म्हणावं! ज्यांनी तिचं वाटोळं केलं त्यांचीच काळजी. ती काठी घेऊन सुडीजवळ बसली. शेरडं यायची, पेंढ्या वढायची, ती हुसकायची. पोलिसाचा जिन्नस जसा व्हता तसा ऱ्हायला पाहिजे म्हणून.

एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. ऊन रोज पडायचं. साहेब काई आले न्हाईत. मी घरी मालकाशी बोलणंच सोडलंतं. ताट आदळायचं आन् मुकाट्यानं निघून जायचं. त्यांनीबी इचारलं न्हाई, मीबी इचारलं न्हाई. माझा राग मला लय मोठा वाटायचा.

सहाव्या दिवशी मी वावरातून आले तर वसरीत माधवराव! आमच्या मालकाच्या शेजारी मांडीला मांडी लावून, दोघंबी मोबाईलमधी बघून खिदळायलेते. मी दारातच थबकले.

"भावजी, तुमी इथं कसे? केस?"

"कसली केस वैनी? मिटलं की परवाच. साहेबानी दोघांला समोरासमोर बसवलं, च्या पाजला, तक्रारी माघारी घ्यायला लावल्या. गावातली माणसं आमी, तोंडं किती दिवस फिरवणार?"

"आन् तो कागद?"

"तो कुठला आता? दोन दिवस झाले, बातमीत न्हाई. आता दुसरंच चालू हाय, हे बगा," म्हणून मोबाईल माझ्यापुढं धरला.

मी तो हातानं सारला. "तानुबाईला सांगितलं का, मिटलं म्हणून?"

मालकानी माधवरावाकडं बघितलं, माधवरावानी मालकाकडं.

"मला वाटलं ह्यांनी सांगितलं आसंल," माधवराव म्हणले.

"आन् मला वाटलं..." मालक म्हणले.

परवा. परवा सांगितलं असतं तर निम्मं तरी वाचलं असतं. मी बोलत असते तर मला परवाच कळलं असतं. दोघांला लय शिव्या घालाव्या वाटल्या. तशीच पळत सुटले.

तानुबाई सुडीजवळच व्हती, उन्हात, काठी मांडीवर घेऊन. वारं आलं की आंबूस वास यायलाता. शेंगा फुटून दाण्याला पांढरे कोंब आलेते, बोटाच्या पेराएवढे. तिला दिसत न्हवतं असं न्हाई. रोज बघत व्हती ती.

"आक्का, मिटलं. तक्रारी माघारी घेतल्या."

"कवा गं?"

तोंड वर करून तिनं माझ्याकडं बघितलं. मी सगळ्या गावाला तोंडावर बोलणारी बाई.

"आज," मी म्हणलं. "आत्ताच."

"बरं झालं बाई," ती म्हणली. "तुझ्या मालकाची कोर्टकचेरी टळली." काठी टेकून ती उठली, पदर खोचला. "मग आता लावू का हात?"

मी मान हलवली. तिनं सुडीत कोपरापर्यंत हात घातला आन् चटका बसल्यावानी मागं घेतला. आतून कुजलेल्या मालाची वाफ निघायलीती.