अनापत्ती

मे महिन्यात झाशीत भर दुपारी लाइट गेली की जीव कसा कासावीस होतो, हे तुम्हाआम्हाला कुणी सांगायला नको. साताऱ्याहून बदलीवर आलेल्या मकरंदने त्यावर तोड काढली होती. बाल्कनीच्या कठड्याला दोन सौर पॅनेल बांधायची आणि त्यांची पिन घरातल्या साध्या सॉकेटमध्ये खोचायची. झालं! ना मिस्त्री, ना अर्ज.

त्याच्या बायकोच्या, मेघनाच्या मनात मात्र पहिल्या दिवसापासून धाकधूक होती. "अहो, हे कायद्यात बसतं ना?" ती रोज विचारी.

"अगं, कागद आहे ना!" मकरंद म्हणे. पॅनेल विकणाऱ्या दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याने सोसायटीकडून एक कागद आणला होता. वर ठळक हिंदीत लिहिलं होतं, 'अनापत्ति प्रमाण-पत्र'. आपत्ती येणार नाही असं शिक्का मारून लिहून दिल्यावर आणखी काय हवं? तरी मेघनाचं समाधान होईना, आणि तिच्या प्रश्नांनी हल्ली त्यालाही नीट झोप लागेना.

एका दुपारी समोरच्या खांबावर ठिणगी उडाली आणि फक्त त्यांच्या घरची लाइट गेली. पंखा मात्र फिरतच राहिला!

"बघ, फिरतोय की नाही!" मकरंदची कळी खुलली.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे भीमराव वर आले. घराणं झाशीजवळच्या गुरसरायचं, पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेलं मराठी; सगळी नोकरी वीज विभागात गेलेली. "मकरंदजी, हरप्रसाद लाइनमन खांबावर चढलाय. तुमचीच तार जोडतोय, बस पाँच मिनट..." त्यांची नजर पंख्यावर गेली. "हा कशावर चालतोय?"

मकरंदने हौसेने बाल्कनीकडे बोट दाखवलं. भीमरावांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पिन काढा! आधी पिन काढा!" असं ओरडत ते बाल्कनीत धावले. "हरप्रसाद! तार को हाथ मत लगइयो!"

मकरंद सॉकेटकडे धावला. पिन घट्ट बसली होती, निघेचना. अखेर दोन्ही हातांनी हिसडा मारला तेव्हा ती निघाली आणि पंखा मंदावला.

"का हो गओ, बब्बा?" खांबावरून आवाज आला. घाम पुसायला हरप्रसादने नुकताच हातमोजा काढला होता. उघडा हात तारेपासून वीतभर अंतरावर होता.

"पण काका, प्रमाणपत्र आहे हो," मकरंद कसाबसा म्हणाला.

भीमरावांनी कागद वाचला. "अहो, हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत! संकट नव्हे. पॅनेल कठड्याला बांधायला सोसायटीची हरकत नाही, एवढंच आहे यात. वीज जोडायची परवानगी वीज विभागाची. तिथे अर्ज करायचा. ते येऊन तपासतात, येणारी-जाणारी वीज मोजणारा मीटर बसवतात. लाइन गेली की पॅनेलचं यंत्र आपोआप बंद पडतं का, तेही बघतात. तुमचं पडलं नाही. तुमची वीज उलटी खांबापर्यंत पोचली होती."

"मला वाटलं, घर माझं, ऊन फुकटचं. त्यात कायद्याचा काय संबंध?"

"घर तुमचं हो. तार तुमची एकट्याची नाही. आम्ही लाइन बंद केली की तारेत वीज नाही या भरवशावर खांबावर चढायचो. हा भरवसा राहावा म्हणूनच तर कायदा केलाय!"

मकरंद खाली गेला. हरप्रसाद उतरून घटाघटा पाणी पीत होता. मकरंदने हात जोडले. "भैया, गलती मेरी थी."

"चलो, बच गए साब," तो ओशाळं हसला. "बिटिया अभई पाँच महीना की है।"

दुसऱ्या दिवशी पॅनेल उतरवून तो वीज विभागाच्या रांगेत अर्ज घेऊन उभा राहिला. रांग मोठी होती, पण त्याने घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

नागरिकहो, सूर्याची वीज जरूर घ्या! पण कायद्याला कटकट समजून बगल देऊ नका. आपण घरात बसून पिन खोचतो, तेव्हा तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी हात असतो.