निघायला लागणारा वेळ

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता: हातातला शब्द पुरा केल्याशिवाय कुणी नोकरी सोडायची नाही. बाई लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या, तेव्हा त्यांच्या टेबलावर एकच शब्द उरला होता. टॅरी. जुनं इंग्रजी क्रियापद. आता बोलण्यात ते कुणी फारसं वापरत नाही. त्याचा मराठी अर्थ आणि खाली एक मराठी वाक्य, एवढंच कार्डावर लिहायचं होतं. मी तपासनीस. मी सही केली की बाई मोकळ्या.

आणि मला त्या मोकळ्या व्हायला नको होत्या. बायको गेल्यापासून घरी माझ्याशी भांडायला कुणी नाही. कचेरीत बाई रोज भांडायच्या. आम्ही त्यांना टाचणी म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

अर्थावरूनच आमची जुंपली. मी म्हटलं, "रेंगाळणे लिहा की."

"रेंगाळणाऱ्याला काम टाळायचं असतं."

"मग घुटमळणे."

"घुटमळणाऱ्याचं जायचं की नाही तेच ठरत नाही. इथे जायचं ठरलंय हो. फक्त पाय निघत नाही." एवढं बोलून त्या उगाच खिडकीबाहेर बघत बसल्या. शेवटी त्यांनी लिहिलं: निघायची वेळ झाली तरी पाय न निघणे.

त्यावर मला बोट ठेवता येईना. मग मी वाक्यं परत करू लागलो. पहिलं होतं, 'पाहुण्यांचा पाय निघेना.' मी विचारलं, "कुणाचे पाहुणे?"

"तुम्हाला वाक्य तपासायचंय की त्यांना जेवायला वाढायचंय?"

दुसरं होतं, 'गाडी सुटली तरी तिचा फलाटावरून पाय निघेना.'

"गाडी सुटल्यावर थांबून काय उपयोग, बाई?"

त्यांनी कार्ड ओढून घेतलं आणि वाक्य खोडलं. तिकडे छापखानेवाला माझ्या नावाने खडे फोडत होता.

मग एका दुपारी आलेल्या वाक्यात क्रियापदच नव्हतं. माझा चुकलेला अनुस्वार टेबलापलीकडून, उलटा वाचून पकडणारी ही बाई, आणि क्रियापदाच्या कार्डावर क्रियापद विसरते? मी मान वर केली. त्या पेन्सिलीला टोक काढत होत्या, आणि टोक चांगलं अणकुचीदार होतं. मी कार्ड परत दिलं. त्या दिवशी आम्ही दोनदा चहा घेतला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पण लेक त्यांना न्यायला आली आणि दाराशी उभी राहिली, तेव्हा बाईंनी माझ्यापुढे नवं कार्ड ठेवलं. 'निरोप घेऊन झाला, तरी चपला घालायला तिला वेळ लागत होता.'

मी चूक शोधली. भिंग घेऊन शोधली. वाक्य बिनचूक होतं. मी सही केली.

त्यांनी कार्ड उचललं नाही. "अजून काही सांगायचंय, तपासनीस?"

जाऊ नका, एवढंच सांगायचं होतं. उभा जन्म शब्दांत घालवलेल्या माणसाला हे दोन शब्द जड झाले.

"नाही," मी म्हटलं. "आता काही शंका नाही."

दाराशी बाईंना चपला घालायला फार वेळ लागला. मी पुढचं कार्ड डोळ्यांसमोर धरून बसलो होतो.

"आई, चल ना," लेक म्हणाली.