सक्शनचा धडा

ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी रेवती गावितचा श्वास पुतळ्यात गेला आणि तिथेच राहिला.

आयसीयूत नव्याने लागलेल्या सहा नर्सना तांबोळी सिस्टर रबरी पुतळ्यावर सक्शन शिकवत होत्या. पेशंटच्या श्वासनळीत बारीक नळी घालून कफ ओढून काढायचा. तेवढा वेळ त्याला श्वास मिळत नाही. म्हणून सिस्टरांचा नियम होता, नळी घालताना आपलाही श्वास रोखायचा. आपण गुदमरलो म्हणजे तोही गुदमरला, नळी बाहेर.

रेवतीने श्वास रोखला, नळी घातली, काढली. पुतळ्याची छाती वर आली. त्याच्या तोंडाला कांदेपोह्यांचा वास आला. पोहे रेवतीने खाल्ले होते.

"सिस्टर, माझा श्वास परत येत नाहीये."

"बोलतेयस ना? मग झालं." सिस्टरांनी तिच्या फॉर्मवर बरोबरची खूण केली. "येईल आठवड्याभरात. माझा तर अजून यायचाय."

तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तिने रडून गोंधळ घातला असता. रेवतीला साधी भीतीही वाटली नाही. जेवणाच्या सुट्टीत तिने नाकाखाली आरसा धरला; आरसा लख्ख राहिला. पुतळा मात्र ऐटीत श्वास घेत पडला होता. फुकटचं मिळालेलं कोण सोडतं? तिने त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास ओढून पाहिला. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

"उद्या खरा पेशंट आहे," बरोबरची शीतल म्हणाली. "नळी कधी काढायची ते तुला कळणार कसं गं?"

"नियम आहे ना," रेवती म्हणाली.

सकाळी तिला चार नंबरचे तुळशीराम आजोबा मिळाले. घशात व्हेंटिलेटरची नळी, डोळे टक्क उघडे.

"आजोबा, जरासा त्रास होईल हं. लगेच काढते." हे ती अगदी मनापासून म्हणाली. मग तिने सक्शनची नळी आत घातली आणि ती स्वतः गुदमरायची वाट पाहू लागली.

मॉनिटर वाजायला लागला. आजोबांनी तिचं मनगट पकडलं.

"गुदमरलीस की काढ गं," सिस्टर दारातून म्हणाल्या.

"हो सिस्टर."

आजोबांची नखं जांभळी होत गेली. रेवतीने त्यांचा हात थोपटला.

"थांबा हं आजोबा," ती म्हणाली, "मला अजून काहीच होत नाहीये."

मनगटावरची बोटं एकेक करून सुटू लागली.