एपारामाचं वटवाघूळ

एपारामाला कमी ऐकू येई. कमी म्हणजे किती, तर एकदा वादळात शेजारच्या घराचं छप्पर उडून त्याच्या अंगणात आदळलं, तेव्हा तो आतून म्हणाला, "या, या, बसा!"

त्याची मुलगी लोसालिनी फौजेत होती, कुठल्याशा वाळवंटात शांतता राखायला गेलेली. दर शनिवारी ती आपलं बोलणं फोनवर भरून बापाला पाठवी. हेडफोन कानावर चढवला की ते एपारामाला ऐकू येई. हेडफोन नसला की फोन मोठ्यानं लावावा लागे आणि मग ते अख्ख्या तावेउनी बेटाला ऐकू येई. मागं एकदा असंच झालं. "बाबा, कंदावू बेटाचा एक शिपाई आहे, बरा वाटतो," एवढंच पोर लाजत बोलली. एपारामा "काय म्हणाली?" म्हणत पुन्हा लावतोय, तोवर गावातल्या बायकांनी लग्नाच्या चटईचा एक कोपरा विणूनही काढला. हे तिच्या कानावर गेलं आणि पुढचे चार शनिवार लोसालिनी फक्त हवामानावर बोलली.

पहिला हेडफोन एपारामा स्वतःच त्याच्यावर बसल्यानं मोडला होता. पट्टी तुटून एक वाटी खाली लोंबत होती. त्यानंतरचे दोन मोडले नाहीत, ते कितिओनेनं नेले. त्या बेटाच्या रिवाजात जवळच्यानं वस्तू मागितली की नाही म्हणायचं नसतं, आणि कितिओने तर सख्खा आतेभाऊ, तवाले; थट्टेचा आणि मागण्याचा परवाना घेऊनच जन्मलेला. काळा त्यानं ट्रकमध्ये हरवला. लोसालिनीनं पाठवलेला लाल त्याच्या डोक्यावरून यांगोनाच्या, म्हणजे मुळ्यांच्या नशिल्या पेयाच्या, वाडग्यात पडला आणि तिथंच पिऊन पडला.

एपारामा बंदरावरच्या दुकानात चौथा घ्यायला गेला.

"काका, दोन न्या," दुकानदार शिवनारायण म्हणाला. "एक मी कितिओनेकाकांकडे परस्पर पोचवतो. तुमची खेप तरी वाचेल."

एकच घेऊन घरी आल्यावर एपारामा खुंटीवरच्या मोडक्या हेडफोनकडे बघत बसला. तीन वर्षं तो तिथं लटकत होता आणि एवढ्या मागणाऱ्या गावात कोणी त्याच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. एपारामाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

लोक दुरुस्ती करतात ती वस्तू चांगली दिसावी म्हणून. एपारामानं उलटी दुरुस्ती आरंभली. नव्या वाट्यांवर त्यानं फाटक्या सपातीचं रबर चढवलं, पट्टीला सायकलची ट्यूब गुंडाळली, वर मासेमारीची दोरी आवळली आणि सगळ्याला खोबरेल तेलात कालवलेली काजळी फासली. शेजारणीच्या कोंबडीनं ते पाहिलं आणि दोन दिवस अंडं घातलं नाही.

संध्याकाळी तो ते डोक्यावर घालून यांगोना प्यायला गेला.

"तवाले," कितिओने म्हणाला, "तुझ्या डोक्यावर वटवाघूळ मेलंय."

"मेलं नाही, झोपलंय. जुनाच हेडफोन आहे, जरा सांधला."

"याला सांधायला नको होतं रे. पाद्रीबाबांना बोलवून पुरायला हवं होतं!"

"एका कानानं येतं ऐकू. वारा असला तर."

मंडळी पोट धरून हसली. मागितलं मात्र कोणीच नाही. एपारामा मनातल्या मनात नाचत तिसरी करवंटी प्यायला.

तेवढ्यात कितिओनेनं डोळे पुसले. "तवाले, ते मला दे."

"हे?"

"माझ्या मक्यातले पोपट बुजगावण्याला जुमानत नाहीत. परवा एकजण त्याच्या खांद्यावर बसून कणीस सोलत होता. हे त्याच्या डोक्यावर चढवलं तर बेट सोडून जातील!"

आता काय करणार? नाही म्हणता येईना. आतून नवा आहे म्हणावं, तर तिथले वीसजण हात पुढे करणार. एपारामानं एकेक बोट सोडवत हेडफोन दिला.

शनिवार आला. लोसालिनीचा निरोप खिशात घेऊन एपारामा मक्यात शिरला. इकडेतिकडे बघून त्यानं बुजगावण्याच्या डोक्यावरून हेडफोन उतरवला, कानावर चढवला आणि वायर फोनला जोडली.

"बाबा, एकटेच आहात ना?" लोसालिनीनं विचारलं.

एपारामानं बुजगावण्याकडे पाहिलं. "एकटाच आहे गं," तो म्हणाला, जणू तिला ऐकू जाणार होतं.

त्या दिवशी हवामानाचं नाव निघालं नाही. सगळं त्या कंदावूच्या शिपायाचं निघालं, तेही नावगावासकट.

हेडफोन परत मागावा असं त्याला क्षणभर वाटलं. पण असला गचाळ ऐवज मागितला, तर कितिओनेला वास लागणार. आणि घरी नेऊन तो टिकणार किती दिवस? बुजगावण्याकडे कोणी काही मागत नाही. त्यानं तो जागच्या जागी ठेवला, थोडा वाकडाच.

पुढच्या शनिवारी बघतो तर बुजगावण्याच्या हातात छत्री बांधलेली, हेडफोनवर पावसाचा थेंब पडू नये अशी. खाली सावलीत बसायला एक ओंडका.

संध्याकाळी कितिओनेनं करवंटी भरून पुढे केली. "माझं बुजगावणं हल्ली शनिवारी हसतं, तवाले. पोपट सांगत होते."

"पोपट खोटारडे असतात."

"असतील. पण त्या कंदावूच्या पोराचं नाव काही त्यांना कळलं नाही बघ. काय नाव म्हणालास?"

एपारामानं करवंटी एका दमात रिकामी केली, रिवाजाप्रमाणे तीन टाळ्या वाजवल्या आणि कानामागे हात धरला.

"काय म्हणतोस? मोठ्यानं बोल रे, मला कमी ऐकू येतं."